सहावी ब आणि पुठ्ठ्याची भाकरी

“बाई, इथं तुमी हसायचं,” नंदा ठोंबरे म्हणाली.

मी खडू हातात धरून फळ्यापाशी उभी होते आणि हसण्यासारखं काहीही घडलेलं नव्हतं.

“का हसायचं?”

“आमी बरोबर उत्तर दिलं न्हवं? मग बाई हसून ‘शाब्बास’ म्हणत्यात, आमी टाळ्या वाजवतो, आन् मग बाई फळ्याकडं वळत्यात. तुमी तशाच वळला.”

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. मी हसले, ‘शाब्बास’ म्हणाले, टाळ्या झाल्या, मग फळ्याकडे वळले. अकरा वर्षांची पोरगी मला शिकवायचं कसं हे शिकवत होती, आणि संताप याचा की ती बरोबर सांगत होती. दुसऱ्या दिवशी माझा वार्षिक पाठ, म्हणजे परीक्षकांसमोरचा तास, होता आणि ही त्याची रंगीत तालीम चालली होती.

मी तेव्हा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं अध्यापक विद्यालय आणि ही शाळा एकाच आवारात. आम्ही शिकाऊ शिक्षकांनी सराव करायचा तो याच शाळेतल्या मुलांवर, आणि त्यातही सहावी ब वर, कारण त्या वर्गात शेवटच्या बाकामागे परीक्षकांच्या खुर्च्या मांडायला जागा होती. या तुकडीवर पहिलीपासून किती बायांनी आणि गुरुजींनी हात साफ करून घेतला असेल, देव जाणे. ‘पाठ’ म्हटलं की पोरं आपोआप ताठ बसायची. कुठल्या प्रश्नाला एकेकानं हात वर करायचा, कुठल्या प्रश्नाला सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं, कुठं मुद्दाम गप्प राहायचं म्हणजे बाईंना “तर मुलांनो, आज आपण हेच शिकणार आहोत” असं म्हणता येईल, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. माझ्यापेक्षा जास्त.

आणि गणितात वार्षिक पाठ देणारा जो तो एकच पाठ द्यायचा: छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज. कारण आमचे मार्गदर्शक गुळवणी सर यांना त्याचं टाचण पसंत होतं. टाचण म्हणजे तासाभराच्या पाठाचा पूर्ण आराखडा. बाईंनी काय विचारायचं आणि मुलांनी काय उत्तर द्यायचं हेसुद्धा त्यात आधीच लिहिलेलं. हे टाचण शिकाऊ शिक्षकांच्या एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे येत राहिलं होतं. सोबत कपाटातली पुठ्ठ्याची भाकरी. अर्धी भाकरी दादानं खाल्ली, एक तृतीयांश ताईनं खाल्ली, दोघांनी मिळून किती खाल्ली? एक छेद दोन अधिक एक छेद तीन. उत्तर पाच छेद सहा. त्या भाकरीच्या कडा इतक्या हातांनी मळल्या होत्या की ती खरोखरच तव्यावरून उतरल्यासारखी दिसायची.

मला स्वतःला हा पाठ अजिबात आवडत नव्हता. मी सरांना म्हटलंही, “सर, मी भूमितीचा घेऊ का?”

“खराडे, प्रयोग नोकरी लागल्यावर करायचे,” सर म्हणाले. “टाचण सोडू नका, टाचण तुम्हाला सोडणार नाही.”

सल्ला देणारे काही एकटे सर नव्हते. मी शिक्षिका होणार हे ठरल्यापासून ज्याला तोंड होतं त्या प्रत्येकानं मला सल्ला दिला होता. वडील एसटीत कंडक्टर. ते म्हणायचे, “आवाज मागच्या शिटापर्यंत पोचला पाहिजे, विजया. पुढच्यांना आपोआप ऐकू येतं.” मावशी शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. तिचं म्हणणं, पहिले सहा महिने दात दाखवायचे नाहीत. आमच्या खोलीच्या मालकीणबाई कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण त्यांनीही सांगितलं की मास्तरीण बाईनं गडद साडी नेसावी, खडू दिसत नाही. त्यांना म्हणावंसं वाटलं, खडू पांढरा असतो, तो गडद साडीवरच दिसतो. पण बोलले नाही. एवढ्या सल्ल्यांनी माझं डोकं पिकलं होतं. कुणीच मला हे सांगत नव्हतं की समोरच्या पोराला कळलं नाही तर काय करायचं.

पण पास व्हायचं होतं. त्याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती. जूनमध्ये आमच्या गावच्या शाळेत एक जागा रिकामी होणार होती आणि संस्थेच्या सेक्रेटरींनी वडिलांना शब्द दिला होता. मुलगी यंदा पास झाली तर जागा तिची. मी ज्या शाळेत शिकले, तिथंच शिकवायचं, घरी राहायचं, संध्याकाळी आईच्या हातचं खायचं. मला ते इतकं हवं होतं की पुठ्ठ्याच्या भाकरीला मी रोज हात जोडले असते.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली आणि मी वर्गात शिरले. मागं दोन खुर्च्या. एकीवर गुळवणी सर, दुसरीवर बाहेरून आलेल्या परीक्षक हुद्दार बाई. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा नाकावर घसरलेला, मांडीवर गुणांचा तक्ता. सकाळपासून त्या पाठच बघत होत्या आणि त्यांनी जांभई लपवण्याचा प्रयत्नही सोडून दिला होता.

तिसऱ्या बाकावर एक नवा चेहरा दिसला. तेल लावून घट्ट बांधलेल्या वेण्या आणि अंगात दुसऱ्याच शाळेचा गणवेश. माझी नजर गेली तशी नंदा पहिल्या बाकावरून हळूच म्हणाली, “वैजू डोईफोडे. नवी हाय बाई, आत्ता सुट्टीनंतरच आलीया. तिचा बाप वायरमन हाय, बदली झालीया. तिला अजून पाठ म्हाइत न्हाई. मी सांगून ठेवलंय, गप बस म्हणून.”

मला हायसं वाटलं. आज हे सांगायला विचित्र वाटतं, पण नंदासारखी मुलगी पहिल्या बाकावर आहे एवढ्यानं मला तेव्हा आधार वाटला.

पाठ सुरू झाला. आणि काय सुरेख सुरू झाला! मी प्रश्न विचारले, हात वर झाले, उत्तरं आली. जिथं गप्प राहायचं तिथं अख्खा वर्ग असा गप्प राहिला की जणू अपूर्णांक हा शब्द त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडला होता. मी भाकरी काढली. दादा अर्धी खाऊन गेला, ताई तिसरा हिस्सा खाऊन गेली. “दोघांनी मिळून किती खाल्ली?” “पाच छेद सहा!” मी हसले. शाब्बास. टाळ्या. फळ्याकडे वळले. गुळवणी सरांनी समाधानानं पाय पसरले.

“बाई, मला न्हाई कळलं.”

आवाज तिसऱ्या बाकावरून आला होता. वैजू उभी होती.

“आगं, बस की!” नंदा फिसकारली. “पाठाच्या दिशी इचारायचं नसतं.”

मी टाचणाकडे पाहिलं. टाचणात या ठिकाणी ‘विद्यार्थी उदाहरण वहीत लिहून घेतात’ असं होतं. ‘वैजू उभी राहते’ असं कुठंही नव्हतं.

“मी नंतर सांगते हं,” मी गोड आवाजात म्हणाले. “आता सगळे वहीत लिहून घ्या.”

बाकीच्यांनी वह्या उघडल्या. वैजू उभीच.

“बस ना बाळ.”

“पर बाई, अर्ध्याचा तुकडा मोठा हाय, आन् ह्यो दुसरा बारका हाय. एक तुकडा आन् एक तुकडा, दोन तुकडं झालं. मग पाच कुठनं आलं?”

मला त्या मुलीचा इतका राग आला म्हणून सांगू! आजवर एवढ्या जणांनी हा पाठ दिला, एकानंही हे विचारलं नाही आणि नेमकं माझ्या वाट्याला हे ध्यान यावं? मागं सरांनी घड्याळाच्या काचेवर बोट वाजवलं. मी ठरवलं, पटकन मिटवून टाकायचं.

“नंदा, तू सांग बरं हिला. पाच कुठून आलं?”

नंदा उभी राहिली. मग म्हणाली, “पाठातच हाय की बाई ते.”

“पण कुठून आलं?”

“गेल्या बाईंनीबी पाचच सांगितलं हुतं. त्याच्या आदुगरच्या गुरुजींनीबी.” तिचा चेहरा पडला होता. पाठात न लिहिलेलं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. “तुमीच सांगितलं हुतं की काल, बाई.”

मी दुसऱ्याला विचारलं. तिसऱ्याला विचारलं. सगळे माझ्याकडे असे बघत होते जणू मीच काहीतरी विसरले आहे. मग मी फळ्यावरचं उदाहरण पुसलं आणि नवं लिहिलं. एक छेद चार अधिक एक छेद सहा.

“हे किती?”

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, “पाच छेद सहा!”

“अरे, संख्या बदलल्यात ना!” माझा आवाज वडिलांनी सांगितला होता तसा मागच्या शिटापर्यंत गेला, पुढं कॉरिडॉरमध्येही गेला. “डोळे उघडून बघा जरा! चार आहे, सहा आहे! तेच उत्तर कसं येईल?”

मग कोपऱ्यातून कुणीतरी चाचरत म्हणालं, “शाब्बास म्हणा की बाई.”

त्या क्षणी मला रडावंसं वाटलं. वैजूचा राग केव्हाच गेला होता. आता राग होता तो त्या भाकरीचा, टाचणाचा, मागं पाय पसरून बसलेल्या गुळवणी सरांचा. या पोरांवर आम्ही सगळ्यांनी शिकवायचा सराव केला होता आणि एवढ्या सरावात त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. बिचारी ताठ बसून आम्हाला पास करत आली होती.

आजूबाजूला बघितलं. हाताशी कागद म्हणून एकच होता. मी टाचणाचं वरचं पान टरकन फाडलं. मागं खुर्ची करकरली.

“वैजू, इकडं ये. ही भाकरी समज.”

“बाई, चौकोनी भाकरी कोण थापतं?” कुणीतरी म्हणालं आणि दोन-तीन पोरं हसली. पाठाच्या दिवशी त्या वर्गात ठरवल्याशिवाय कुणी हसल्याचं मी प्रथमच ऐकलं.

“मी थापते. आता हिचे दोन सारखे भाग कर.”

तिनं कागद मधोमध दुमडला. मग मी तिला तो दुसऱ्या बाजूनं तीन भागांत दुमडायला सांगितला. तिला जमेना. तिरका दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला. सर खाकरले. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर माझं धैर्य गेलं असतं. शेवटी कागद उलगडला तेव्हा त्यावर घड्यांचे सहा चौकोन होते.

“दादाची अर्धी. किती चौकोन?”

“तीन.”

“ताईचा तिसरा हिस्सा?”

वैजूनं बोट फिरवून मोजलं. “दोन.”

“आता तुकडे सगळे सारखे झाले का?”

ती कागदाकडे बघत राहिली. मग तिचं तोंड उघडलं. “तीन आन् दोन पाच. सहातलं पाच!” ती वर्गाकडे वळली. “ए, सारखं तुकडं केल्याबिगार मोजायचं न्हाई! म्हणून सहा!”

नंदा बाकावरून पुढं झुकली होती. “मला बघू,” ती म्हणाली आणि तिच्यामागून आणखी चारजण उठून आले. कागद हातोहात फिरला, फाटला. मग पोरांनी आपापल्या वह्यांची पानं फाडली. वर्गात गोंगाट माजला. एक छेद चार आणि एक छेद सहाकडे मी वळणार, तोच घंटा झाली.

हुद्दार बाई उठल्या. दारापर्यंत जाऊन त्यांनी विचारलं, “पाठ संपला?”

मी काही म्हणायच्या आत वैजूच म्हणाली, “न्हाई, राहिलाय अजून.”

निकाल खरं म्हणजे नंतर टपालानं यायचा, पण हुद्दार बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. गुळवणी सर तिथं नव्हते. ते माझ्याशी पुढं महिनाभर बोलले नाहीत.

“खराडे, मी तुम्हाला पास करू शकत नाही,” बाई म्हणाल्या. तक्ता माझ्यापुढं सरकवला. “हे रकाने बघा. उपयोजन नाही, मूल्यमापन नाही, फळ्यावर सारांश नाही, गृहपाठ नाही. मुलांवर ओरडलात. टाचण तर फाडलंतच.”

“मग मी काय करायला हवं होतं?” माझा आवाज चढला होता. नाहीतरी आता गमावण्यासारखं काय राहिलं होतं?

“त्या मुलीला खाली बसवायला हवं होतं.”

“आणि तिला कळलं नव्हतं ते?”

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “मी सकाळपासून तीच भाकरी बघतेय. सगळे पास झाले. एकाच्याही पाठात कुणी प्रश्न विचारला नाही, आणि मीही विचारला नाही. मला काय ते समजत नाही असं वाटतं तुम्हाला?” त्यांनी तक्ता परत ओढून घेतला. “सल्ला देते. पुढच्या खेपेला तिला खाली बसवा आणि पास व्हा. नोकरी लागली की मग बसवू नका.”

आणखी एक सल्ला! मला हसावं की टेबल उलटवावं कळेना. माझ्या गावची जागा गेली होती. वडील काय म्हणतील, आईला काय सांगायचं, वर्षभर पुन्हा त्या खोलीत राहून मालकीणबाईंची गडद साडी ऐकायची. आणि या बाई एवढं सगळं समजून शांतपणे मला नापास करत होत्या. मी नमस्कारसुद्धा न करता बाहेर पडले.

गावच्या शाळेतली ती जागा त्याच जूनमध्ये दुसऱ्या कुणाला मिळाली. वडिलांनी मला एक शब्दही विचारला नाही, तेच जास्त लागलं. पुढच्या वर्षी मी भूमितीचा पाठ दिला आणि पास झाले; मग नोकरी लागली ती घरापासून दूर, दोन जिल्हे ओलांडून. तिथंच माझी सगळी वर्षं गेली. गावच्या शाळेजवळून जाताना आजही मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण त्या दिवशी संध्याकाळी फाटकापाशी वैजू उभी होती. नव्या गावात तिला कुणी मैत्रीण नव्हती, म्हणून एकटीच.

“बाई, उद्या येताय न्हवं? चार आन् सहाचं राहिलंय.”

आमच्यापैकी पाठ दिलेला कुणीही त्या वर्गात परत जात नसे. पाठ संपला की वर्ग संपला. मी तिला तेच सांगणार होते, पण तोंडातून निघालं, “येते.”

दुसऱ्या दिवशी सहावी ब च्या वर्गशिक्षकांना विचारलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. “घ्या की तास,” ते वर न बघता म्हणाले. “मला तेवढंच मोकळं.”

मी वर्गात शिरले तेव्हा हातात टाचण नव्हतं, भाकरी नव्हती, फक्त खडू होता. पोरं सवयीनं ताठ बसली. मग त्यांनी मागं वळून पाहिलं. शेवटच्या बाकामागे खुर्च्या नव्हत्या. एकेकजण पुन्हा माझ्याकडे बघायला लागला.

मी फळ्यावर लिहिलं. एक छेद चार अधिक एक छेद सहा.

वैजूनं वहीचं पान फाडून दुमडायला सुरुवात केली होती. नंदा मात्र अजून मागं बघत होती. शेवटी तिनं हात वर केला.

“बाई, आज मागं कोण बसणार हाय?”

“कोणी नाही.”

पहिलीपासून प्रत्येक बाईला सांभाळून घेत आलेली ती पोरगी. तिनं एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“मग चुकलं तर चालंल का?”

मी मान डोलावली आणि खडू पुढं केला. ती उठली, फळ्यापाशी आली. मग तिनं वरचे दोन आकडे मिळवले, खालचे दोन मिळवले आणि ठळक अक्षरांत लिहिलं, दोन छेद दहा. लिहून माझ्याकडे वळली. तिचे कान लाल झाले होते.

“चूक आहे,” मी म्हणाले. “ये इकडं. तुझ्या वहीचं एक पान फाड.”